रात्रभर हवा टिकली होती

तापीच्या काठावर चिखलात पालथी पडलेली ती फाटकी हवेची बोट अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नोकरीत मी याहून भयंकर दृश्ये पाहिली. महामार्गावरचे अपघात पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेते पाहिली, आणि घरी येऊन जेवलो, झोपलोसुद्धा. पोलिसाचे काळीज दगडाचे असते असे लोक म्हणतात, त्यांना म्हणू द्या. पण या प्रकरणात एका म्हाताऱ्याने माझ्यासमोर बसून अगदी सहज जे सांगितले, त्याने मी जो हादरलो तो आजही पुरता सावरलेलो नाही. नावे मी कोणाचीच लिहिणार नाही. ती माणसे त्याच गावात राहतात आणि त्यांना तिथे सुखाने राहायचे आहे.

मी मूळचा धुळ्याचा. त्या वेळी जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात, भुसावळच्या पलीकडे एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. हद्द सगळी केळीची. केळीचे घड कापून नेणे, विहिरीवरची मोटार पळवणे, शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या विळ्याने कापणे, हे आमचे रोजचे गुन्हे. तिकडचा माणूस एक वेळ शिवी विसरेल, नळी कापणाऱ्याला विसरणार नाही.

हद्दीतल्या एका नदीकाठच्या गावात दोन तरुणांनी राफ्टिंग सुरू केले होते. एक केळीवाल्या शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. दुसरा त्याच गावातल्या बौद्ध वस्तीतला, त्याचा शाळेपासूनचा मित्र. हा दुसरा उत्तरेत डोंगरातल्या नद्यांवर काही वर्षे राफ्ट चालवून आला होता. त्याने ओळखीने एक जुनी राफ्ट आणली. धरणाची दारे उघडली की तापीच्या खडकाळ पट्ट्यात पाणी असे काही उसळते की काठावर उभे राहून बोलणे ऐकू येत नाही. तिथे रविवारी शहरातली हौशी मंडळी येऊ लागली. तहसीलला अर्ज दिलेला होता, परवानगी यायची होती. आपल्याकडे या दोन गोष्टींत फारसा फरक मानत नाहीत. गावाने त्या राफ्टला नाव ठेवले, हवेची बोट.

गणपती बसून उठून गेले होते. त्या रविवारी सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला की बोट फुटली आणि एक जण गेला. मी पोहोचलो तेव्हा जळगावहून आलेले पर्यटक काठावर थरथरत बसले होते, सगळे जिवंत. गेला होता तो बोट चालवणारा, केळीवाल्याचा मुलगा. ऐन खळाळात बोटीच्या एका बाजूची हवा एकदम गेली, बोट मधोमध दुमडली आणि खडकाला चिकटून बसली. बाकीचे बाहेर फेकले गेले म्हणून वाचले. तो बोटीखाली सापडला. नदीवर मासे धरणाऱ्या भोयांनी दोर लावून त्याला ओढून काढला तेव्हा उशीर झाला होता.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली, इन्क्वेस्ट पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवले आणि मग बोटीकडे वळलो. ही राफ्ट म्हणजे ट्रकच्या ट्यूबसारखी नुसती रबराची नसते. आत विणलेले मजबूत कापड आणि वर प्लास्टिकचा जाड थर, आणि हवेचे कप्पे वेगवेगळे. असे कापड जोरात फाटले तर धागे वेडेवाकडे निघायला हवेत. इथे ठिगळासारख्या चिकटवलेल्या एका पट्टीच्या कडेला लागून लांब चीर होती आणि ती इतकी सरळ होती की शिंप्याने फूटपट्टी ठेवून कात्री चालवावी. एक पंच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, हे फाटेल नही, हे कापेल आहे." मी त्याला गप्प केले. पण असली गोष्ट गप्प होत नसते. संध्याकाळपर्यंत सगळे गाव तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी खबर आली. एस.टी. स्टँडवरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. तो ठाण्यात कधी येत नसे, त्या दिवशी मागच्या दाराने आला. म्हणाला, "साहेब, त्या दोघांचं शुक्रवारी जोरदार भांडण व्हयेल व्हतं. त्याच दिवशी तो वस्तीतला पोरगा शेडमधी ब्लेड घेऊन बोटीपाशी बसेल व्हता. आन आखीन एक सांगू? बोट फुटायच्या आधीच तो काठावरून बोंबलत व्हता."

"आधी? तुला कसं ठाऊक?"

"मी काठावरच व्हतो ना. तो ओरडला, मंग बोट फुटली."

मी लगेच पर्यटकांकडे विचारणा केली. त्यातल्या एका मुलीने सांगितले की हो, एक तरुण काठावरून दोन्ही हात हलवत पळत होता. पाण्याच्या आवाजात त्याचे शब्द कळत नव्हते. बोट चालवणारा त्याच्याकडे बघून हसला आणि त्याने उलट हात हलवला. "आम्हाला वाटलं तो टाटा करतोय, म्हणून आम्ही पण केला," ती म्हणाली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. बोट फुटणार हे त्या तरुणाला आधी कसे कळले, या प्रश्नाचे एकच उत्तर मला दिसत होते.

मयताचे वडील सत्तरीकडे झुकलेले. सारे गाव त्यांना नाना म्हणे, मीही तेच म्हणतो. मुलाला अग्नी देऊन ते सरळ ठाण्यात आले. डोळे कोरडे होते. "माह्या पोराले त्यानं मारलं. खुनाचा गुन्हा लिहा," एवढेच बोलले. गुन्हा दाखल झाला आणि भागीदाराला अटक झाली. खरे सांगायचे तर तो स्वतःच ठाण्यात येऊन बसला होता, कारण बाहेर त्याच्या जिवाची खात्री नव्हती. गावात दुकाने बंद झाली. बौद्ध वस्तीच्या तोंडाशी मी राज्य राखीव दलाची तुकडी बसवली. दोन समाजांची माणसे एकाच पारापुढून एकमेकांकडे न बघता जाऊ लागली की पोलिसाची पाचावर धारण बसते. तिथे मग एक दगड पुरतो.

न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. झडतीत त्याच्या पिशवीत ब्लेड सापडले, काचकागद सापडला, आणि डिंकाचा एक सीलबंद डबा. ब्लेड बघून आमच्या लोकांचे चेहरे खुलले. मला मात्र तो डबा खटकत राहिला. बोट कापणारा माणूस ती जोडायचा डिंक कशाला घेऊन फिरेल?

पहिल्या दिवशी तो मोकळेपणी बोलला. त्याचे म्हणणे असे. बोट उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये होती. खान्देशचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तिथे डिंकाचे काय. एक जुनी पट्टी कडेने सुटू लागली होती. शुक्रवारी त्याने ती ब्लेडने सोलून काढली, खालचे भोक तसेच उघडे ठेवले आणि मित्राला बजावले की धुळ्याहून डिंक आणीपर्यंत बोट पाण्यात घालायची नाही. महामार्गावर ट्रकच्या ताडपत्र्या जोडणारे आहेत, वाकणाऱ्या कापडाला धरणारा डिंक त्यांच्याकडे मिळतो. मित्र म्हणाला, रविवारी माणसे येणार आहेत, त्यांना काय सांगू? त्यावरून भांडण.

"शनिवारी धुळ्याला गेलो. रविवारी सकाळी बसने उतरलो आणि नदीवर बोट दिसली," तो म्हणाला. "सर, तिला भोक होतं. भोक असलेली बोट पाण्यात गेली कशी, तेच मला कळेना. म्हणून पळालो, ओरडलो."

"मित्रानं बुजवलं असेल."

"त्याला पट्टी लावता येत नव्हती सर. त्याने कधी लावली नाही."

मी कंडक्टरला विचारले. गाडी गच्च भरलेली होती, त्याला कोणीच आठवत नव्हते. तिकीट आरोपीने फेकून दिले होते. म्हणजे पहाटे गुपचूप येऊन बोट कापली, असेही म्हणता येत होते. गाव तर तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी त्याला मुद्देमाल ओळखण्यासाठी बोटीसमोर उभे केले. तो वाकला, चिरीवरून बोट फिरवले, मग पट्टीवर हात ठेवला. हात तिथेच थांबला. त्याने पट्टीची कड अंगठ्याने चाचपली, एकदा, पुन्हा एकदा. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सगळे रक्त उतरून गेले. तो तिथेच खाली बसला आणि त्यानंतर गप्प झाला.

गप्प म्हणजे पूर्ण गप्प. समजावले, दरडावले, चहा पाजला, उपाशी बसलेल्या त्याच्या आईची आठवण करून दिली. एकच उत्तर, "मला काही सांगायचं नाही सर." कालचे बोलणेसुद्धा त्याने पुन्हा उच्चारले नाही. आरोपी बोलता बोलता पुराव्यासमोर गप्प झाला की आम्ही काय समजतो, हे पोलीस खात्यातल्या कोणालाही विचारा. माझ्या सहकाऱ्यांनी तर दोषारोपपत्राची भाषा करायला सुरुवात केली.

माझे हवालदार साक्रीकडचे, घरची शेती असलेले. आम्ही दोघे धुळ्याकडचे म्हणून एकटे असलो की आमची बोली निघायची. मी त्यांना पुन्हा बोटीकडे घेऊन गेलो. आरोपीचा हात जिथे थांबला तिथेच काहीतरी आहे, एवढे मला कळत होते. पट्टी नवीन होती. तिच्या चारी बाजूंनी चकचकीत थर पसरलेला होता आणि तो थर नखासारखा कडक होता. चीर बरोबर तो थर संपतो तिथून गेली होती. हवालदारांनी नखाने खरवडले, वास घेतला आणि माझ्याकडे बघितले.

"साहेब, हाऊ बोटना डिंक नही. हाई पाईपनं सोल्युशन शे."

"नक्की?"

"बठ्ठास्ना घरमा ऱ्हास. मन्हा घरमा भी शे."

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे मळ्यात ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकचे पाईप यांचे जाळे असते, आणि ते जोडायचे सोल्युशन घरात मीठ असावे तसे असते. डब्याच्या झाकणाला ब्रश असतो. लावले, दाबले, झाले. फुटकी बादली, मोडकी खुर्ची, कुठेही हाच उपाय. बहुतेक वेळा तो चालतोही.

अंदाजावर खटला चालत नाही. बोटीचे नमुने रीतसर प्रयोगशाळेला रवाना केले. पण अहवाल यायला वेळ लागणार आणि गाव तोवर थांबणार नव्हते. शेडमध्ये त्याच कापडाचे उरलेले तुकडे होते. पंचांसमक्ष त्यातल्या एका तुकड्यावर आम्ही पाईपचे सोल्युशन लावून पट्टी बसवली आणि ठाण्याच्या पडवीत वाळत ठेवली. सुकल्यावर ती अशी घट्ट बसली की दोघांनी ओढून सुटेना. हवालदार म्हणाले, ही तर उत्तम बसली. मग मी ती वाकवली, एकदा इकडे, एकदा तिकडे, पाण्यात बोट वाकेल तशी. काही वेळाने बारीकसा 'कट' आवाज झाला. पट्टीच्या कडेने कापडावरचा थर तडकला. आणखी ओढले तर तुकडा त्याच रेषेत फाटला, सरळ, ब्लेडने कापावा तसा.

कोणीही बोट कापलेली नव्हती. खून झालाच नव्हता. त्या सोल्युशनने वरचा थर विरघळून कडक झाला होता आणि खळाळात बोट वाकली तशी ती त्या कडेने फाटली होती. आता एकच प्रश्न उरला होता, पट्टी लावली कोणी? मयताला ते येत नव्हते. आरोपीच्या पिशवीतला धुळ्याचा डिंक तर अजून सीलबंद होता. मग आरोपी गप्प का?

नानांचा पुरवणी जबाब घ्यायचा राहिला होता. मी हवालदारांना घेऊन त्यांच्या मळ्यात गेलो. दुपारची वेळ होती. नाना ओट्यावर बसले होते, शेजारी पाईपांचा ढीग. गावात कोणाचा पाईप फुटला की आधी नानांना हाक जाते, हे मला पोलीस पाटलाने वाटेत सांगितले होते. ते ऐकूनही माझ्या डोक्यात काही आले नाही. माणूस किती सहज आंधळा असतो बघा.

शनिवारी बोटीपाशी कोण होते, असे मी विचारले. नाना सरसावून बसले. त्यांना जणू बरे वाटले की अखेर कोणीतरी नीट विचारतो आहे.

"साहेब, हे तुम्हाले सांगायचं माह्याकडून राहूनच गेलं. कोन्ही विचारलंच नही. आयतवारी सकाळी त्या बोटीले काहीच व्हयेल नव्हतं. त्या पोरानं शुक्रवारी पट्टी उपटून टाकेल व्हती, आयतवारची मानसं येऊ नये म्हनून. माहं पोरगं रडकुंडीले आलं. मी म्हटलं, आन इकडे, त्यात काय मोठं? प्लास्टिकले प्लास्टिकचं सोल्युशन. मी सवता लावली पट्टी. ह्या हातानं."

हवालदारांची लेखणी थांबली.

"रातभर हवा टिकली साहेब. सकाळी मी सवता दाबून पाह्यली, दगडासारखी व्हती. मंग तुम्हीच सांगा, कोन्ही कापल्याबिगर ते फाटन कसं? लिहून घ्या. हे कोर्टात कामी येईन."

समोर बाप बसला होता आणि मुलाच्या खुन्याविरुद्ध आपल्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा देत होता. आपण काय बोललो याची त्याला कल्पनासुद्धा नव्हती. गुन्हेगाराने चुकून सत्य ओकणे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा पोलिसाला आनंद होतो. इथे मला वाटले की उठून निघून जावे, हा मळाच आपल्याला दिसला नसता तर बरे झाले असते.

नाना आयुष्यभर माणसे आणि आभाळ बघत आलेले शेतकरी. आमची तोंडे त्यांनी वाचली. "काय झालं?" त्यांनी विचारले. त्यांनी हवालदारांकडे पाहिले. हवालदारांच्या पिशवीतून त्या तडकलेल्या तुकड्याचे टोक डोकावत होते. नानांनी हात पुढे केला. तो तुकडा त्यांना द्यावा की नाही, याला कायद्यात उत्तर नाही. मी मान हलवली.

नानांनी तुकडा हातात घेतला. सोल्युशन त्यांनी बघताक्षणी ओळखले. एक बाजू अजून शाबूत होती. ती त्यांनी वाकवली, उलटी वाकवली. तोच बारीक आवाज झाला. बराच वेळ ते त्या चिरीकडे बघत बसले.

"पाईप जमिनीत पडून रायतो," ते अगदी हळू म्हणाले. "पाईप वाकत नही."

एवढेच. मग ते उठले आणि भिंतीला धरत घरात गेले. आम्ही ओट्यावर तसेच उभे राहिलो. जाऊन सांत्वन करायचे तर कोणत्या तोंडाने करणार? हवालदारांसारखा गडी, मोर्च्यात डोके फुटले तरी न हललेला, तो डोळे पुसत होता.

ठाण्यात परतल्यावर मी सरळ कोठडीकडे गेलो. भागीदार भिंतीला टेकून बसला होता. मी सांगितले की नानांनी जबाब दिला, पट्टी त्यांनी लावली. तो ताडकन उठला.

"त्यांना कळलं?"

त्या एका प्रश्नाने माझे उरलेसुरले डोके ठिकाणावर आले. "तुला आधीच माहीत होतं," मी म्हटले.

तो पुन्हा भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "बोटीला हात लावला तेव्हाच कळलं सर. पट्टीच्या कडेनं ओळीनं अंगठे उमटलेत. सांधा जोडला की नाना तसेच दाबतात. शाळेत असताना त्यांच्या मळ्यात नळ्या जोडायला आम्ही दोघं जायचो. त्या घरात मी जेवलोय."

"अरे, बाहेर लोक तुझ्या जिवावर उठलेत! तुझ्या वस्तीवर दगड पडायची वेळ आली. बोलला का नाहीस?"

"प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला असता ना सर. त्यात चुकीचं सोल्युशन एवढंच आलं असतं. कोणी लावलं ते आलं नसतं. लोकांनी मानलं असतं की नानांच्या पोरानंच लावलं. मेलेल्या माणसाला त्याचं काय? मी सुटलोच असतो, थोडा उशिरा." मग त्याने मला जे विचारले ते मला अजून टोचते. "नानांना कळू द्यायलाच हवं होतं का सर?"

वर्दीतल्या माणसाने अशा वेळी काहीतरी भारदस्त बोलायचे असते. मी त्याच्यासाठी जेवण मागवले आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव ग्रामपंचायतीपुढे जमले. मोर्चा काढायचा असे ठरले होते, म्हणून मी बंदोबस्तासह हजर होतो. नाना आले. लोकांनी वाट करून दिली, कोणीतरी घोषणा दिली. नानांनी हात वर करून ती थांबवली. "माह्या पोराले कोन्ही मारेल नही," ते म्हणाले. आवाज चिरका होता पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "बोट मी जोडेल व्हती, चुकीचं सोल्युशन लावून. त्या पोरानं पट्टी काढेल व्हती ते बरोबर व्हतं. ज्याले दगड मारायचे त्यानं मले मारा." मी असे जमाव लाठीने पांगवले आहेत, अश्रुधुराने पांगवले आहेत. तो जमाव स्वतःहून, खाली माना घालून, एकेक करत घरी गेला.

त्यानंतर नाना ठाण्यात येऊन बसले. म्हणाले, गुन्हा माझ्यावर लिहा. मी कायदा समजावला. बोट चालवण्याची जबाबदारी मयताची, परवानगी नसताना ती पाण्यात घातली त्याने, आणि मयतावर खटला चालत नाही. वरिष्ठांचे आणि सरकारी वकिलांचेही हेच मत पडले. नानांना ते पटले नाही. शिक्षा झाली असती तर त्यांना ती सोसायला सोपी गेली असती, असे मला वाटते. आम्ही पुराव्याअभावी आरोपीला मुक्त करण्याचा अहवाल न्यायालयात पाठवला, पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितले.

सुटकेचा आदेश आला त्या दिवशी नाना पुन्हा ठाण्यात आले होते. कोणी बोलावले नव्हते. भागीदाराला कोठडीतून बाहेर आणले, सह्या घेतल्या, त्याची पिशवी परत दिली. नाना बाकावरून उठून त्याच्यासमोर उभे राहिले. वाळलेल्या केळीच्या पानासारखे झाले होते ते. त्यांनी त्याचे मनगट धरले.

"एक खरं सांग. तुले माहीत व्हतं का रे? मी लावेल व्हतं हे तुले कळेल व्हतं, आन तरी तू आत बसेल व्हता का?"

ठाण्यात तेव्हा मी, हवालदार आणि ते दोघे एवढेच होतो. तो 'हो' म्हणाला असता तर नानांच्या डोक्यावर दुसरे ओझे चढले असते, आणि त्या खांद्यांत आता काही उरले नव्हते.

"नही नाना," तो म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही. "मले काहीच समजलं नही. मले वाटलं, बोट जुनी व्हती, फाटली."

नानांनी सुस्कारा सोडला. "चाल मंग घरी," ते म्हणाले.

आरोपी गप्प बसला की तो काहीतरी लपवतो आहे असे समजावे, हे मला प्रशिक्षणात शिकवले होते आणि ते चूक नाही. हाही लपवतच होता. फक्त लपवणारा माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवत असतो, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. नंतरच्या नोकरीत कोणी गप्प बसला की मी आधी विचार करायचो, याच्या गप्प बसण्याने कोणाचे बरे होणार आहे? या एका प्रश्नाने मला पुढे अनेक ठिकाणी वाट दाखवली.

खोटे पकडणे हा माझा धंदा होता. त्या दिवशी माझ्याच टेबलासमोर, माझ्या देखत एक माणूस धडधडीत खोटे बोलला आणि मी ते ऐकून घेतले. दोघे पायऱ्या उतरून गेले. नाना त्याच्या मनगटाला धरूनच चालत होते. हवालदार स्टेशन डायरी उघडून माझ्याकडे बघत राहिले, काय नोंद घ्यायची म्हणून.

मी म्हटले, "लिहा, दोघे घरी गेले."